बारसं न झालेली टोळी

२ मार्च, रविवार. रावेर.

आलो एकदाचा! टेम्पोतून गादी, गॅस, दोन पंखे आणि पुस्तकांची खोकी उतरली, आणि सगळ्यात शेवटी उतरली माझी थर्माकोलची पर्वतरांग. धुळ्याच्या देवपूरहून इथपर्यंत ती मी मांडीवर घेऊन बसलो होतो. ड्रायव्हरने भुसावळला न राहवून विचारलं, गणपतीची आरास का? मार्च महिन्यात! मी हो म्हणून टाकलं. खरं सांगत बसलो असतो तर रावेर आलं तरी संपलं नसतं.

खरं असं की मी बोटाएवढी माणसं रंगवतो. तिरंदाज, चेटकिणी, राक्षस. त्यांच्यासाठी टेबलावर डोंगर, नद्या, किल्ले उभारतो आणि फासे टाकून त्यांच्या मोहिमा खेळतो. वय छत्तीस. धुळ्याला आम्ही चौघे दर रविवारी जमायचो. एक पुण्याला गेला, एक कॅनडाला, आणि एकाचं लग्न झालं, तो सगळ्यात लांब गेला. आता एकट्यानेच खेळायचं. एकट्याने खेळताना नियम एकच, चाल आधी लिहायची, मग खेळायची. नाहीतर माणूस स्वतःलाच फसवतो. म्हणून ही वही. मोहिमेची नोंद हीच आणि रोजनिशीही हीच.

नोकरी केळीच्या पॅकहाऊसमध्ये आहे. निर्यातीच्या फण्यांवरचे डाग शोधायचे. बारीक नजरेला पगार मिळतो म्हणजे मजाच.

घर गावाबाहेर, केळीच्या बागेला लागून आहे. खाली मालक उखर्डू आबा आणि त्यांच्या यशोदाबाई अक्का राहतात. वरच्या दोन खोल्या माझ्या, जिना बाहेरून. लेक भूमिकाची पहिलीची परीक्षा संपली की बायको, नूतन, तिला घेऊन येईल. तोवर टेबलावर ओरडायला कोणी नाही.

९ मार्च.

टेबल मांडून झालं! खिडकीखाली सातपुडा, त्याच्या पायथ्याशी पडका किल्ला, मधून नदी. नदीला चकाकी यावी म्हणून वर गोंदाचे तीन हात दिले आहेत.

आबा आज जिना चढून बघायला आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, काठी नाही, दात सगळे. माझं नाव योगेंद्र भदाणे हे ऐकून हसले आणि म्हणाले, लई भारी नाव ठेवलं बाप्पा, लगेच नजरेत भरतं. मग स्वतःच्या नावाची कथा सांगितली. त्यांच्या आधीची काही भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मल्या दिवशीच आईने यांना उकिरड्यावर लोळवलं, नाक टोचलं आणि नाव ठेवलं उखर्डू. नेणाऱ्याला वाटावं, हा कचरा आहे, याला कशाला न्यायचं? आबा सांगत होते ते गमतीने, पण सांगताना आवाज मात्र खाली आणला होता. का, ते मी विचारलं नाही.

१५ मार्च.

काल धुळवड झाली, आज सुट्टी. रंगांची मांडणी टांगायला ड्रिल घेतलं. भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, त्यामागे फळी, फळीमागे कोनाडा. आणि कोनाड्यात पाच बाहुल्या!

बाहुल्या म्हणजे भाजलेल्या मातीची माणसं, बोटाएवढी. अगदी माझ्या मापाची! तेलाने काळी पडलेली, हात अंगाला चिकटलेले, चेहरा गुळगुळीत. नाक नाही, तोंड नाही, डोळे नाहीत. आधीच्या भाडेकरूच्या पोरांची खेळणी असणार. माझ्यासारख्याच्या हाती लागली, हे त्यांचं नशीब.

ब्रशने चोळून साबणाने धुतली. पाणी पाच वेळा काळं निघालं. मग अस्तराचा करडा फवारा मारून गच्चीत वाळत ठेवली. कॅलेंडर परत जागेवर टांगलं.

२३ मार्च.

आठ दिवस रोज संध्याकाळी दोन तास बसलो. अंगरखे, पागोटी, एकीला हिरवं लुगडं. सावलीसाठी तपकिरी शाईचा हात, कडांवर कोरडा ब्रश. शेवटी डोळे.

डोळ्यांवरून रंगवणाऱ्याची परीक्षा होते. तीन शून्याचा ब्रश, श्वास रोखायचा, पांढरा ठिपका, त्यात काळा. दहा डोळे, एकही चुकला नाही. असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नाही. पाचही जण माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो.

बिननावाची माणसं मी टेबलावर ठेवत नाही. तळाला बारीक अक्षरात नावं लिहिली, सारंग, मेघ, हिरण्य, आर्जव आणि हिरव्या लुगड्यातली तारा. एकेकाला हातात घेऊन नाव मोठ्याने वाचलं, ही माझी जुनी सवय आहे. टोळी सहाची असते, एक जागा रिकामी आहे.

पहिली मोहीम खेळलो. टोळी कशासाठी निघाली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो, वीस कारणांची यादी आहे. आलं सात, हरवलेलं माणूस शोधायला. पुन्हा टाकलं तरी सात. तिसऱ्यांदाही सातच. फासा घासून बघायला हवा.

२७ मार्च.

व्हिडिओ कॉलवर भूमिकाला टोळी दाखवली. तिने पहिला प्रश्न केला, मी कुठे आहे यात? अगदी बरोबर! रात्रीचं जेवण टाळून पुट्टीतून तिला घडवली, दोन वेण्या, फ्रॉक, हातात छोटी तलवार. तळाला नाव लिहिलं, भूमिका. नूतन मागून ओरडली, ‘तुमनं डोकं ठिकानवर शे का? पोरले झोपू द्या!’ पण आवाजात हसू होतं.

टोळी पूर्ण झाली. कारणासाठी फासा टाकला तर आज अकरा आले. अकरा म्हणजे घरी परतणे.

२९ मार्च. अमावास्या.

संध्याकाळी आबा तेलाची पणती घेऊन वर आले. म्हणाले, दर अवसेला त्या कॅलेंडरपुढे दिवा लावायचा असतो. मला वाटलं, कॅलेंडरवरच्या देवीला. मी बाजूला झालो आणि त्यांची नजर टेबलावर गेली.

पणती तशीच हातात राहिली. तेल बोटांवरून सांडत होतं तरी त्यांना कळलं नाही. मी सांगायला लागलो, आबा, कोनाड्यात सापडली, बघा कशी झाली आहेत. ते पाठ न वळवता, मागे मागे सरकत दारापर्यंत गेले. जिन्यावरून उतरताना त्यांनी गमछा तोंडावर ओढून घेतला होता.

बहुतेक मी चुकलो. उद्या पाडवा झाला की माफी मागेन.

१ एप्रिल.

आबा गेले.

दुपारी बारा वाजता ओट्यावर बाज टाकून पडले होते. अक्का सांगतात, कोणी हाक मारल्यासारखे उठून बसले, ‘ओ’ म्हणाले आणि जिन्याकडे चालू लागले. तिसऱ्या पायरीवर पडले. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. बाहेर बेचाळीस होतं, लिहिणारच.

मी पॅकहाऊसमधून आलो. खांदा दिला. वर येऊन बघतो तर पाचही जण टेबलाच्या कडेला होते, जिन्याकडे तोंड करून. मी त्यांना किल्ल्यात ठेवून गेलो होतो. कोणीतरी वर आलं असेल, गर्दी होती.

१४ एप्रिल.

काल तेरावं झालं. आज मी स्वतः अक्कांसमोर बसून सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबांच्या आधीची भावंडं पाच होती. बारसं व्हायच्या आतच एकेक गेलं. आबांच्या आईने प्रत्येकाच्या खड्ड्यातली मूठभर माती आणली, मळली आणि चुलीत भाजली. नाव नाही, कारण नाव घेतलं की येतात. डोळे नाहीत, कारण दिसलं की मागतात. आंधळी, बिननावाची पोरं अमावास्येच्या दिव्यावर समाधानी राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षं त्यांच्या पायाशी त्यांचा भाऊ राहत होता आणि त्यांना तो दिसला नव्हता.

मी विचारलं, मग आता शांत होतील ना? भाऊ तर मिळाला. अक्का म्हणाल्या, ‘म्हाताऱ्याचं काय करतीन ते? त्याहिले खेयाले बरोबरीचं पोर पाह्यजे. अन् तू त्याहिले डोये देले, नावं देले. नाव ठेवते तो बाप. आता ते तुहे पोरं झाले, भाऊ.’

वर आलो. पाचांनी सहावीला मध्ये घेतलं आहे. गोल केला आहे. मी हा गोल केलेला नाही.

१७ एप्रिल.

बाटलीभर थिनर आणलं. रंग उतरवायचा म्हणजे उतरवायचा, दुःख कसलं. अंगरखे गेले, पागोटी गेली, अस्तर गेलं. खालची काळी माती आली. डोळे गेले नाहीत. ब्लेडने खरवडले. मातीचा भुगा निघाला, खाली पुन्हा तोच ठिपका, पांढऱ्यात काळा.

नावंही तशीच आहेत.

सहावी मात्र माझी, माझ्या पुट्टीची. तळाचं नाव खरवडलं, ते गेलं. तिचे तुकडे केले, अक्कांच्या चुलीत जाळले. पॅकहाऊसमध्ये डाग असलेल्या चार पेट्या माझ्या नजरेतून सुटल्या.

२१ एप्रिल.

नूतनचा फोन आला, आवाज काळजीचा होता. भूमिका दुपारी झोपेत कोणाशी तरी बोलते. उठवलं तर सांगते, पप्पांच्या घरची पोरं बोलावतात. आखाजीला ये म्हणतात, झोका बांधणार म्हणतात. नूतनने विचारलं, तिकडे कोणी पोरं आहेत का शेजारी?

शेजारी केळी आहेत. एकही पोर नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. बहिणीची वाट बघतात ते. मला आत्ता कळलं. घरी परतणं म्हणजे काय ते आत्ता कळलं. मी पुतळी जाळली, पण पोर तर धुळ्यात जिवंत आहे, आणि माझीच आहे.

मी सांगितलं, येऊ नका. आखाजी होईपर्यंत अजिबात नाही. कारण सांगता येईना. नूतनने विचारलं, प्यायला लागलात का?

२४ एप्रिल.

नूतनला एवढंच पटवलं की पोरीला नावाने हाक मारायची नाही; नाव कळलं की ते तिला ओढून घेतील, हे सांगितलं नाही. माय म्हण, बेटा म्हण. तिने हो म्हटलं, वेड्याला म्हणतात तसं.

दुपारी जेवायला घरी आलो. जिन्यावर धुळीत पावलं होती, चढणारी. बोट लावून मोजली, खालच्या पायरीवरची माझ्या बोटापेक्षा लहान. शेवटच्या पायरीवरची मोठी होती, दोन-तीन वर्षांच्या पोराएवढी.

वाढत आहेत.

२६ एप्रिल.

शर्ट मागून ओढतात. खोलीला दुधाचा वास. मी वळत नाही.

अक्कांना उपाय विचारला. त्या म्हणाल्या, आखाजीला मेलेली माणसं पाणी प्यायला येतात आणि पिऊन जातात. त्या दिवशी पाच घागरी भर, खरबूज ठेव, सांजोरी ठेव. पाणी पाजून झालं की पाचांना तापीत सोड. आधी सोडलंस तर परत येतील. सोडायचं ते त्याच दिवशी. नक्की का, विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या सासूने असं कधी केलं नाही, कारण असं कोणी कधी केलं नव्हतं.

चार दिवस. भूमिका तिकडे, हे इकडे. चार दिवस एवढंच जपायचं.

२८ एप्रिल.

फोन उचलत नाही मी. उचलला की मागे कोणीतरी हसतं. नूतनला ऐकू जातं. काल तिने विचारलं, ती पोरं कोणाची—

२९ एप्रिल.

घागरी आणल्या. पाच. कुंभाराने विचारलं, घरात एवढे कोण गेले? पाच, म्हटलं. माझे.

माझे का म्हणालो—

३० एप्रिल. आखाजी. सकाळ.

चाल लिहितो. पाणी पाजायचं. फडक्यात बांधायचं. मोटारसायकल. तापी. वळून बघायचं नाही. फोन घरीच बंद ठेवायचा.

घागरी मी काठोकाठ भरल्या होत्या. आत्ता बघतो तर अर्ध्या.

३० एप्रिल. दुपार. तापीचा काठ.

सोडले. एकेक. पाण्याला खोली होती. तारा शेवटी. खाली जाताना वरच बघत होती. मी रडलो, खोटं कशाला लिहू. कोणाच्या तरी पोटची पोरं होती ती.

खांदा हलका वाटतो. शर्ट कोणी ओढत नाही. आता घरी. आता फोन लावतो नूतनला, या म्हणतो. कधीही या.

३० एप्रिल. जिना.

पायरीवर लाल चपला आहेत. छोट्या.

नूतन खाली अक्कांच्या स्वयंपाकघरात. सकाळच्या गाडीने निघाल्या म्हणे. तीन दिवस फोन नाही, माझ्या जिवाला काही झालं की काय म्हणून. बठ्ठं सामान, सगळंच, बांधून आली आहे. पोर कुठे, विचारलं. वर. पोरं बोलावत होती, गेली खेळायला.

कोणती पोरं? तिने विचारलं नाही. तिला वाटलं मला माहीत आहे.

हाक मारता येत नाही. हाक मारली की नाव कळेल. पुतळीवरचं मी खरवडलं, जाळलं, त्यांना आता तिचं नाव माहीत नाही, एवढंच माझ्या हातात. एवढंच.

पाय उचलत नाही. लिहितो म्हणजे उचलेल. चाल: वर जायचं. बोलायचं नाही. तिच्या तोंडावर हात ठेवायचा. उचलायचं. खाली. गाडी. धुळे—

आतून आवाज. कोणीतरी विचारतंय, इकडच्याच बोलीत, सगळे विचारतात तसं— कोनाची पोरगी हायेस तू?

नको बेटा. नको.

शाळेत शिकवलंय तसं. एका सुरात. हात मागे बांधून म्हणत असेल.

माझं नाव भूमिका योगेंद्र भदाणे.

टाळ्या.

मग दुसरा आवाज. माझं नाव सारंग योगेंद्र भदाणे. माझं नाव मेघ योगेंद्र भदाणे. हिरण्य योगेंद्र— आर्जव— तारा योगेंद्र भदाणे—

माती तापीत गेली, मी दिलेली नावं इथेच राहिली. सगळे एकाच सुरात. एकाच वयाचे.

दार उघडं आहे. पायरी, अजून एक पायरी. आत अंधार नाही, ऊन आहे, सहा जण पाठमोरे, गोल—

पप्पा, वर या ना. सगळे मिळून म्हणतात. पप्पा. सहा आवाज. त्यातला तिचा कोणता, मला ओळखता ये—